खामगाव : रूळ जिथे संपतात

बुलढाणा जिल्ह्यातील अवशेष म्हटले की लोणारचे दैत्यसूदन मंदिर किंवा सिंदखेडराजा येथील जाधवांचा वाडा डोळ्यांपुढे येतो. यंत्रयुगाचेही अवशेष असतात आणि त्यांनाही इतिहास असतो, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. असे अवशेष या जिल्ह्यात पाहावयाचे तर खामगावला जावे लागेल.

खामगावचा कापसाचा बाजार १८२० च्या सुमारास सुरू झाला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले, तेव्हा तो चांगला नावारूपाला आलेला होता. मात्र या गावाचे भाग्य पालटले ते दूरच्या एका युद्धामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि साम्राज्याची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, पण तिचा मुख्य मार्ग खामगावला टाळून गेला होता. म्हणून जलंबपासून आठ मैलांची स्वतंत्र शाखा काढण्यात आली. १८७० मध्ये तिचे उद्घाटन करण्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आठ मैलांच्या रुळांसाठी व्हाइसरॉयने वऱ्हाडात यावे, यातच त्या रुळांची किंमत कळते. सुएझचा कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता आणि १८७० मध्येच मुंबई समुद्रतळाच्या तारेने युरोपशी जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव आता खामगावात फार लवकर कळू लागला.

रेल्वेच्या पाठोपाठ वाफेचे जिन आणि प्रेस आले. या कारखान्यांची जागा कशी ठरते, हे पाहण्यासारखे आहे. कापसाच्या वजनात ढोबळमानाने दोन भाग सरकी आणि एक भाग रूई असते. सरकीचे ओझे मुंबईपर्यंत वाहून नेणे परवडत नाही, म्हणून जिन शेतांच्या जवळ उभा राहतो. जंगलाच्या कडेला लाकूड-कापणीचे गाव वसते, त्यामागेही हेच गणित असते. रूई वजनाने हलकी असली तरी जागा फार अडवते. तिला दाबून घट्ट गासडी बांधल्याखेरीज वाघीण आणि जहाज भरत नाही, म्हणून जिनाला प्रेसची जोड लागते. पूर्वी हातरेच्यावर घरोघरी होणारे काम अशा रीतीने धुराड्यांच्या आवारात गेले. १९०१ साली या गावाची वस्ती १८,३४१ होती. त्या वेळी अकोला जिल्ह्यात असलेले खामगाव १९०५ मध्ये बुलढाण्यात आले.

आता या साऱ्याचा दुसरा पदर. तारेने आलेला भाव अडत्याला कळे. बैलगाडी घेऊन बाजारात उभ्या असलेल्या कुणब्याला तो ज्ञात असेलच असे नव्हते आणि ज्ञात असला तरी सावकाराच्या देण्यापुढे त्याचा उपयोग नव्हता. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळले, तेव्हा रूळही होते आणि बाजारही होता. नव्हती ती धान्य विकत घेण्याची ऐपत. जगाशी जोडले जाणे म्हणजे सुरक्षित होणे नव्हे, हा धडा या भूमीने तेव्हाच घेतला होता. २००६ मध्ये पंतप्रधानांनी आत्महत्याग्रस्त म्हणून विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता, हे या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही.

वाफेची यंत्रे गेली, वीज आली; मालवाहतूक ट्रकांकडे वळली. १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदी योजनेत कापसाचा खुला व्यापारच थांबला. वऱ्हाडातील जुन्या जिनांची आवारे विस्तीर्ण असतात आणि गावे वाढत गेली तशी ती ऐन वस्तीत आली. अशा जमिनीचा भाव तीवरील विटांच्या धुराड्यापेक्षा नेहमीच अधिक भरतो. जलंब-खामगाव शाखा मात्र टिकली आहे. ती पुढे जालन्यापर्यंत नेण्याची मागणी फार जुनी असली, तरी रूळ अजून खामगावलाच संपतात.

सगळीच धुराडी जपावीत, असा आग्रह कोणी धरणार नाही. पण पाडण्यापूर्वी त्यांची मोजमापे, छायाचित्रे, कारखान्यांच्या जुन्या वह्या आणि तेथे राबलेल्या स्त्री-पुरुषांच्या आठवणी नोंदविणे अशक्य नाही. अन्यथा मागे राहील ते व्हाइसरॉयच्या भेटीचे वर्ष, कारण ते सरकारी दप्तरात सुरक्षित आहे. सरकीची धूळ ज्यांच्या छातीत गेली त्यांचे दप्तर कोणी ठेवलेले नाही. त्या माणसांच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून या विटा आणि पत्रे तेवढे उरले आहेत.