जीवाणूंचा आकार आणि अंतर्गत प्रथिनतंतू : एका संकल्पनेचा इतिहास

जीवाणूंची पहिली ओळख त्यांच्या आकारावरून झाली. लेवेनहूकने १६८३ साली दातांवरील किटणात पाहिलेल्या जीवांची चित्रे रेखाटली. फर्डिनांड कोनने १८७२ साली गोल, दंडाकार, सर्पिल इत्यादी आकारांवरच जीवाणूंचे वर्गीकरण उभारले. तथापि दंडाकार जीवाणू दंडाकारच का राहतो, या प्रश्नाचे प्रयोगसिद्ध उत्तर मिळावयास विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

१९५३ साली वाइबुलने लायसोझाइमच्या साहाय्याने बॅसिलस मेगाटेरियमची पेशीभित्तिका काढून टाकली, तेव्हा मूळचे दंड गोल झाले. आकार भित्तिकेमुळे टिकतो, हा त्यातून निघालेला निष्कर्ष यथार्थ होता; परंतु तो अपुरा होता. वाढत्या पेशीत भित्तिकाही सतत नव्याने बांधली जाते. मग बांधकामाला दिशा कोण देते? पुढे १९६२ साली स्टॅनियर व व्हान नील यांनी जीवाणूंची संकल्पना इतर पेशींहून काटेकोरपणे वेगळी केली. अंतर्गत कंकालाचा अभाव हे जीवाणूंचे एक लक्षणच होय, अशी समजूत पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ रूढ राहिली. जे दिसले नाही ते नाहीच, असे गृहीत धरले गेले.

या समजुतीला पहिला धक्का जनुकशास्त्राने दिला. १९८० नंतरच्या दशकात मात्सुहाशी व त्यांच्या सहकाऱ्यांना एश्चेरिशिया कोलायची काही उत्परिवर्ते गोल झालेली आढळली. त्यांत बिघडलेल्या जनुकांपैकी एकाचे प्रथिन एमआरईबी या नावाने ओळखले जाते. १९९१ साली बी व लुटकेनहाउस यांनी विभाजनस्थळी एफटीएसझेड प्रथिनाचे कडे दाखविले. १९९८ साली लोवे व अ‍ॅमॉस यांनी त्याची घडण प्रगत पेशींतील ट्युब्युलिनसारखी असल्याचे सिद्ध केले. २००१ साली एमआरईबीचे अ‍ॅक्टिनशी असलेले साम्य स्फटिकरचनेवरून स्पष्ट झाले. २००३ साली कॉलोबॅक्टर क्रेसेन्टस या वक्र जीवाणूत क्रेसेन्टिन हा तंतू सापडला. तो नसलेल्या पेशी सरळ वाढतात. अशा रीतीने एका तपाच्या अवधीत ‘अभाव’ हे लक्षण निकालात निघाले.

यापुढचा अध्याय अधिक बोधप्रद आहे. २००१ साली बॅसिलस सबटिलिसमध्ये एमआरईबीचे मळसूत्री तंतू पेशीभर पसरलेले दिसले आणि अखंड स्प्रिंगप्रमाणे ते पेशीला आतून आधार देतात, अशी कल्पना बळावली. २०११ साली स्वतंत्र संशोधनांतून निराळे चित्र समोर आले. एमआरईबीचे लहान, सुटे पुंजके पेशीच्या परिघाभोवती आडवे फिरतात, आणि औषधाने भित्तिकेचे बांधकाम थांबविले की त्यांची गतीही थांबते, असे दिसले. २०१२ साली तर एश्चेरिशिया कोलायमधील मळसूत्र हा प्रथिनाला जोडलेल्या प्रदीप्त खुणेचाच परिणाम असल्याचे आढळले. तंतू हा पेशीला पेलणारा खांब नव्हे. नवे बांधकाम कोठे व्हावे, हे ठरविण्यात त्याचा वाटा असतो. उलटपक्षी, त्या बांधकामामुळेच तोही हलता राहतो.

भित्तिका मुळातच नसलेल्या स्पायरोप्लाझ्मात मात्र हेच प्रथिनकुल प्रत्यक्ष गतीशी निगडित आहे. हा सर्पिल जीव पेशीचा पीळ बदलत पोहतो. २०२२ साली जपानमधील संशोधकांनी त्याची एमआरईबी कुलातील दोन प्रथिने एका कृत्रिम किमान-जनुकी जीवाणूत निर्माण करविली, तेव्हा एरवी निश्चल असणाऱ्या त्या पेशी सर्पिल होऊन पोहू लागल्या.

या इतिहासात दोन प्रमाद परस्परविरुद्ध दिशांनी घडलेले दिसतात. प्रथम, साधनाच्या मर्यादेलाच निसर्गाची मर्यादा मानले गेले. नंतर, साधनाने निर्माण केलेली आकृतीच निसर्गाची मानली गेली. दोहोंचे निराकरण एकाच मार्गाने झाले : जनुक, रचना व गती या तीन स्वतंत्र पुराव्यांची एकमेकांशी पडताळणी करून. जीवाणूचा आकार हा तयार साचा नसून अखंड चाललेले कार्य आहे, हा आजचा सिद्धान्तही याच कसोटीवर टिकून आहे.