बोरीबंदरची वास्तू : जतन आणि उपयोग

१६ एप्रिल १८५३ रोजी पहिली उतारू आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास निघाली, तेव्हा आज दिसणारी भव्य वास्तू तेथे नव्हती. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्या आराखड्यानुसार तिचे काम १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये पुरे झाले. तिच्या शिल्पकामात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचाही हात होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

जुन्या रेल्वेवास्तूंचे जतन म्हटले की पॅरिसच्या ओर्से स्थानकाचा दाखला पुढे येतो. १९०० मध्ये उघडलेल्या या स्थानकाचे फलाट लांबत चाललेल्या गाड्यांना अपुरे पडू लागले आणि १९३९ मध्ये तेथील लांब पल्ल्याची वाहतूक बंद झाली. पुढे वास्तू पाडण्याचे घाटत होते. ते टळून १९८६ मध्ये तेथे कलासंग्रहालय सुरू झाले. वास्तू वाचली, पण स्थानक उरले नाही.

गाड्या बोरीबंदरासही लांबल्या. तथापि मुख्य इमारत रुळांच्या शेवटास असल्यामुळे तिला धक्का न लावता फलाट वाढविता आले. १९२५ मध्ये येथूनच कुर्ल्याकडे देशातील पहिली विजेची गाडी धावली. आज येथे १८ फलाट आहेत आणि मूळ इमारतीत मध्य रेल्वेच्या मुख्यालयाचा कारभार चालतो. २००४ मध्ये जागतिक वारसा म्हणून तिची नोंद झाली, ती अशा नांदत्या स्थितीतच.

उपयोगाने झीज होते, तारा व फलक भिंतींवर चढतात, हे खरे. म्हणूनच २०१८ च्या सुमारास कार्यालये हलवून इमारतीचे संग्रहालय करावे, असा विचार पुढे आला होता. तो सद्धेतूचा असला, तरी स्वीकारार्ह वाटत नाही. ओर्सेला संग्रहालय हा अखेरचा उपाय होता. येथे तशी निकड नाही. ज्या जिन्यावरून कारकून रोज चढतो, त्याच्या डागडुजीची गरज कोणास पटवावी लागत नाही. बंद दालनाची आठवण मात्र अंदाजपत्रकाच्या वेळीच होते.

बदल मुळीच नको, असा याचा अर्थ नव्हे. घड्याळाखालील राणी व्हिक्टोरियाचा पुतळा स्वातंत्र्यानंतर हलविण्यात आला. तो कोनाडा रिकामाच आहे, आणि घुमटावरील प्रगतीची मूर्ती जागच्या जागी आहे. नावही १९९६ मध्ये व पुन्हा २०१७ मध्ये बदलले. बोलण्यात मात्र ‘व्ही. टी.’ अजून ऐकू येते, आणि काही वृद्धांच्या तोंडी त्याहूनही जुने ‘बोरीबंदर’.