सुभेदार रामजींचा घरखर्च

बाबासाहेबांच्या बहुतेक चरित्रांत त्यांच्या वडिलांच्या वाट्याला एक प्रकरण येते, तेही पहिले. लष्करातले सुभेदार, कबीरपंथी, शिस्तीचे, पोरांच्या अभ्यासामागे लागलेले. एवढे सांगून झाले की चरित्रकार मुलाकडे वळतात. त्यांचे चुकते असे नाही, त्यांना मुलाचेच चरित्र लिहायचे असते. परंतु इतिहास शिकवणारा मास्तर म्हणून माझी अडचण वेगळी आहे. या माणसाने घर कसे चालवले हे कळल्याशिवाय आपल्या समाजाच्या शिक्षणाचा इतिहास नीट लागत नाही, असे मला वाटते.

रामजी मालोजी सकपाळ हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडव्याचे. गावात राहिले असते तर बलुते, येसकराची पाळी, दारोदारची भाकरी हेच नशिबी होते. बलुत्यात धान्य मिळते, शिळेपाके मिळते, पण रोकड मिळत नाही. आणि वह्या-पुस्तके रोकडीशिवाय येत नाहीत. लष्कराने रामजींना रोख पगार दिला आणि शाळाही दिली. लष्करी शाळेत ते मास्तर झाले, पुढे हेडमास्तर. फौजी कुटुंबांत बायकासुद्धा वाचू शकत, याचे कारण हीच शाळा होय. साहेबाला आपला कळवळा होता म्हणून हे घडले, असे कोणी समजू नये. गरज संपताच त्याच सरकारने महारांची भरती बंद केली. तेव्हा रामजी दाद मागण्याच्या खटपटीत पडले आणि अर्जासाठी न्यायमूर्ती रानड्यांपर्यंत गेले, असे चरित्रकार नमूद करतात. ज्या दाराने आपण बाहेर पडलो ते दार मागच्यांसाठी बंद झाले, हे त्यांनी ओळखले होते.

1894 च्या सुमारास ते निवृत्त झाले. पेन्शन महिना पन्नास रुपये. चौदा मुले झाली, पाच जगली. दापोली, मग सातारा. तिथे सरकारी बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी. 1896 साली भीमाबाई गेल्या. पोरांना पाठीत बाक आलेल्या मीराआत्याने सांभाळले. पुढे रामजींनी दुसरे लग्न केले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर दिसले की धाकटा भिवा धुमसायचा. आपल्याकडे थोरांच्या घरातल्या अशा गोष्टी झाकून ठेवायची सवय आहे. मला त्यांची लाज वाटत नाही. आमच्या वस्तीतल्या घरांत याहून वेगळे काय असते?

दुष्काळी कामावर खटाव तालुक्यात तलाव चालला होता. रामजी तिथे कोरेगावला खजिनदार होते. 1901 साली त्यांनी सुट्टीत पोरांना बोलावले. मसूर स्टेशनावर पोरे उतरली, घ्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन पोरांनी स्वतः गाडी हाकली, रात्रभर पाणी मिळाले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहिला आहे आणि आपण तो शंभरदा ऐकला आहे. त्यातले एक वाक्य मात्र आपण घाईने ओलांडतो. या प्रवासासाठी पोरांना विलायती कापडाचे नवे सदरे, चमकदार टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे घेतली होती. महाराच्या पोरांना हा थाट बापाच्या पगारावर मिळाला होता. स्टेशनमास्तर आधी फसला तो या कपड्यांमुळेच. रोकड हातात आली की माणूस कुठपर्यंत पोचतो आणि कुठे अडतो, हे त्या एका दिवसात दिसते. पोरांचे पत्र आले होते, पण नोकराने ते रामजींना दिलेच नव्हते.

1904 साली बिऱ्हाड मुंबईला, परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. स्वयंपाक, सरपण, जाते, शेळी, सगळे तिथेच. भीमराव लवकर निजत. रामजी दोन वाजेपर्यंत जागत, मग मुलाला उठवून त्याच जागेवर आडवे होत. बिनकाचेच्या चिमणीवर पहाटेपर्यंत अभ्यास चाले. पुस्तक हवे झाले आणि हात रिकामा असला तर रामजी धाकट्या लेकीकडे दोन-चार रुपये उसने मागायला जात. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. ती अंगावरचा दागिना काढून देई, तो सावकाराकडे गहाण पडे आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत मिळे. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारी पेन्शन नसती तर हा व्यवहार एकदाही पुरा झाला नसता. बलुतेदाराच्या लेकीचा डाग गहाण पडला की तो परत येत नाही.

पण पन्नास रुपयांत दोन मुलांची शाळा बसत नव्हती. आनंदराव शिकत होते, त्यांची शाळा सोडवून त्यांना कामाला लावले गेले. रामजींनी निवड केली. ती कोणत्या रात्री, कोणाशी बोलून केली, हे कुठे लिहिलेले नाही. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. माझा थोरला भाऊ सातवीतून गवंड्याच्या हाताखाली गेला. त्यामुळे आनंदरावांचे नाव आले की मला पुढची ओळ लवकर वाचता येत नाही. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, सत्कार झाला, केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र दिले. त्या सभेचे वर्णन सगळे करतात.

घरी रामायण-महाभारत म्हणायला लावतात म्हणून मुलगा वाद घाली. रामजींचे उत्तर ठरलेले असे: आपण अस्पृश्य, मनात कमीपणा शिरेल, द्रोण, कर्ण बघ, लहानातून मोठे झाले, वाल्मीकी तर कोळी. मुलाला ते पटले नाही आणि तो पुढे कुठे गेला ते आपण जाणतो. तरीही बापाने वाद बंद पाडला नाही. त्या काळच्या फौजी बापाकडून एवढे पुष्कळ आहे.

कॉलेजसाठी बडोद्याची पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 च्या जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीवर गेले. रामजींच्या मनात ते नव्हते. थोड्याच दिवसांत आजारपणाची तार गेली. परतताना मुलगा बापासाठी मिठाई घ्यायला सुरतेला उतरला आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा रामजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. 2 फेब्रुवारी 1913 रोजी ते गेले. त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला उतरले. मुंबईचे घर मागे राहिलेल्यांनी सांभाळायचे होते, आणि पेन्शन बंद झाली होती.