घोड्याचा आणि गवताचा वास बाटलीत येतो कसा?

शॉपिंग अ‍ॅपवर ‘लेदर, वाळलेलं गवत, युनिसेक्स’ असं लिहिलेला परफ्यूम कधी पाहिलाय का? फोटोत धावणारा घोडा, मागे हिरवं कुरण. हजारो रुपये मोजण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या: ‘नोट्स’ म्हणजे घटक नव्हेत. वास घेतल्यावर काय आठवेल, त्याचं ते वर्णन असतं. बाटलीत ना घोडा असतो, ना खोगीर.

या प्रकारातलं गाजलेलं नाव फ्रान्सच्या एर्मेसचं. ही कंपनी 1837 मध्ये पॅरिसमध्ये घोड्यांचं सामान बनवायला सुरू झाली. लोगोत आजही घोडागाडी आहे. 2016 मध्ये तिनं ‘गालो’ म्हणजे ‘घोड्याची दौड’ हा परफ्यूम आणला. बनवणारी क्रिस्तीन नाजेल. वास चामडं आणि गुलाबाचा, बाटली रिकिबीच्या आकाराची.

मग हा वास येतो कुठून?

वाळलेल्या गवताचा गोडसर वास मुख्यतः कुमारिन या रेणूचा. गवत कापून सुकायला लागलं की तो मोकळा होतो. ब्रिटिश केमिस्ट विल्यम पर्किन यांनी 1868 मध्ये तो प्रयोगशाळेत बनवला आणि 1882 च्या ‘फुजेर रॉयाल’ या परफ्यूममध्ये तो वापरला गेला. चामड्यासाठी बर्च झाडाच्या सालीचं शुद्ध केलेलं डांबर किंवा आयसोब्युटिल क्विनोलिन वापरतात.

तबेल्याची गोष्ट जास्त मजेशीर आहे. तिथल्या वासात पॅरा-क्रेसॉल असतो, जो घोड्याच्या लघवीतून येतो. पण हाच रेणू नरगिसच्या फुलातही सापडतो! म्हणजे ‘घोडा’ चक्क फुलातून आणता येतो. प्रमाण मात्र अगदी थोडं. जरा जास्त झालं की नाक मुरडायची वेळ.

हे रेणू शोधतात कसे?

‘हेडस्पेस’ तंत्रात फुलावर किंवा गवतावर काचेचं झाकण ठेवून आतली हवा वास शोषणाऱ्या पदार्थातून ओढून घेतात. पुढे गॅस क्रोमॅटोग्राफ त्यातले रेणू वेगळे करतो आणि मास स्पेक्ट्रोमीटर ते ओळखतो. हाती येते ती फक्त यादी. त्यातून सुगंध जुळवायला शेवटी माणसाचं नाकच लागतं.

‘युनिसेक्स’बद्दल सांगायचं तर रेणूला स्त्री-पुरुष कळत नाही. फुजेर रॉयालपासून सुरू झालेला गवताळ वासाचा प्रकार पुढे ‘पुरुषांचा’ म्हणून विकला गेला, तो मार्केटिंगमुळे. आवडला तर कोणीही लावा.

खरेदी करताना बॉक्सच्या मागच्या बाजूचा फोटो झूम करून बघा. युरोपात ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त कुमारिन असेल, तर ते नाव छापावंच लागतं, कारण काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. मोठी बाटली घेण्याआधी छोटं सॅम्पल मागवा, मनगटावर लावा आणि निदान अर्धा तास थांबा. चामड्याचा वास सुरुवातीपेक्षा नंतरच नीट कळतो.