शहापूर–मुरबाड : जबाबदार वनपर्यटन

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या पायथ्याशी वसलेल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत जंगल, गड, घाटवाटा आणि जलाशय यांच्या आधाराने वाढलेले पर्यटन. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ठाणे जिल्ह्यातील डोंगरी आणि आदिवासी मुलूख मुख्यतः या दोन तालुक्यांतच उरला आहे. ठाकूर, वारली, कातकरी आणि महादेव कोळी यांचे पाडे, कुणबी-आगऱ्यांची भातशेतीची गावे आणि अलीकडे वाढलेले फार्महाऊस व रिसॉर्ट अशी इथली वस्ती आहे. मुंबई-ठाण्याहून दोन-तीन तासांत पोहोचता येत असल्याने शनिवार-रविवारची गर्दी सगळ्यात जास्त.

इथल्या सहलीची आखणी करताना पहिला प्रश्न पाण्याचा येतो. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण शहापूर तालुक्यात आहे. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी ज्या भातसा धरणातून जाते, तेही याच तालुक्यात. मोडकसागर आणि मध्य वैतरणा हे जलाशयही याच परिसरातले. एवढी धरणे उशाशी असूनही एप्रिल-मे महिन्यांत शहापूरच्या अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते आणि बायका आटलेल्या विहिरीच्या तळातून वाटीने पाणी भरतात. अशा ठिकाणी तरणतलाव, हिरवळ आणि ‘रेन डान्स’ यांची जाहिरात करणारी जागा निवडताना तिचे पाणी कुठून येते हे विचारणे पाहुण्याचे कर्तव्यच आहे. पाणी पाड्याच्या विहिरीशेजारच्या खोल बोअरचे आहे, विकतच्या टँकरचे आहे की पावसाळ्यात साठवलेले? सांडपाणी बागेला जाते की ओढ्यात? उत्तर टाळणारी जागा सोडून द्यावी. हा प्रश्न इथल्यापुरताच नाही. टांझानियात सफारी करून झांझिबारच्या किनाऱ्यावर विसावणे ही जगभर लोकप्रिय झालेली महागडी सहल. तिथल्या नुंग्वीसारख्या गावांतही हॉटेलातला एक पाहुणा गावकऱ्याच्या कितीतरी पट पाणी वापरतो, आणि त्यावरून गावात ताण निर्माण झाल्याचे नोंदले गेले आहे.

आफ्रिकेकडून घेण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. केनियातील मासाई मारा राखीव क्षेत्राला लागून मासाई कुटुंबांच्या मालकीची जमीन आहे. तिथे पर्यटन व्यावसायिक या कुटुंबांना नियमित भाडे देतात, आणि किती तंबू उभारायचे हे क्षेत्रफळावर ठरते. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून सामुदायिक जमिनीवरच्या वन्यजीवांचे व्यवस्थापन आणि त्यातून मिळणारे उत्पन्न स्थानिक समूहांच्या हाती दिले. पाहुणे थोडे, दर जास्त आणि वाटा गावाचा, असे हे गणित. शहापूर-मुरबाडमध्ये हे गणित मांडायला लागणारे कायदे आधीपासून आहेत. शहापूर संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मागता येतात. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींच्या नावावर करण्यावरही महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात कडक निर्बंध आहेत. उणीव आहे ती पाहुण्याच्या चौकशीची. खोलीचा रंग आणि नाश्त्याचे पदार्थ विचारणारा माणूस ही जमीन कोणाची होती, गावातले किती जण इथे कामाला आहेत आणि ते पगारावर आहेत की हंगामी मजुरीवर, हे क्वचितच विचारतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून शहापूर आणखी जवळ आले आहे, त्यामुळे हे प्रश्न अधिक तातडीचे झाले आहेत.

वन्यजीव : येथे जीपमध्ये बसून ठरलेल्या वेळी वाघ पाहण्याची सोय नाही, आणि कोणी तसे आश्वासन देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. १९७० मध्ये घोषित झालेल्या तानसा अभयारण्यात बिबट्या, भेकर, चौसिंगा, तरस आणि रानडुक्कर आहेत. शतकाहून अधिक काळ नामशेष मानला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये खानदेशात पुन्हा सापडला. २०१४ मध्ये तो तानशाच्या रानातही दिसला, आणि मुंबईच्या उंबरठ्यावरील या जंगलाचे मोल पक्षीअभ्यासकांना नव्याने कळले. त्याला पाहण्यासाठी मोबाईलवर त्याचा आवाज वाजवणे हा अलीकडचा वाईट प्रकार आहे. आपल्या हद्दीत दुसरा पक्षी शिरला असे समजून तो खाणे-पिणे सोडून उत्तर देत राहतो. मुरबाडच्या दक्षिण टोकाचा सिद्धगड परिसर १९८५ च्या भीमाशंकर अभयारण्यात येतो. तिथे शेकरू आहे.

या भागाचा सर्वांत प्रसिद्ध प्रवासी म्हणजे ‘आजोबा’ नावाचा बिबट्या. २००९ मध्ये तो नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला सापडला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याने त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. तिथून तो कसाऱ्याच्या बाजूने रेल्वेमार्ग आणि मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडत, वसईची खाडी पोहून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. अंतर सुमारे १२० किलोमीटर. वाटेत त्याने कोणाही माणसावर हल्ला केला नाही. २०११ च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्या प्रवासावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही आला. अभयारण्याच्या नकाशावर हिरवा रंग संपतो तिथे जंगली जनावराचा वावर संपत नाही, हे त्याच्या पट्ट्यातून आलेल्या नोंदींनी दाखवून दिले. म्हणून रात्री रानातल्या रस्त्यांवर गाडी सावकाश चालवणे, रिसॉर्टमध्ये उघड्यावर उष्टे-खरकटे न टाकणे (त्याने कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या) आणि मोठ्या आवाजातले ध्वनिक्षेपक नाकारणे, हे इथल्या सफारीचे खरे नियम.

हंगाम आणि ठिकाणे : पावसाळ्यात गर्दी धबधब्यांकडे लोटते. बुडून होणाऱ्या मृत्यूंमुळे प्रशासन अनेक ठिकाणी मनाईआदेश काढते, ते पाळावेत. मेअखेरीस, पहिल्या पावसाच्या आसपास काजवे चमकतात. मादी बहुधा गवतात किंवा खालच्या फांदीवर बसून नराच्या प्रकाशाला उत्तर देते, म्हणून विजेरी, फ्लॅश आणि गवत तुडवणे हे तिन्ही त्यांच्या मीलनाच्या मुळावर येतात. थंडी ही गडांची वेळ. आसनगावजवळचा माहुली गड तानसा अभयारण्यातच येतो. १६३६ मध्ये शहाजीराजांनी येथेच मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे माघार घेतली. मुरबाडच्या वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढता येतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारी ही सातवाहनकालीन व्यापारी वाट आहे. वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, त्यावर हात फिरवू नये. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. दरवर्षी त्या दिवशी लोक अभिवादनासाठी जमतात. तिथे जाणाऱ्याने सहलीचा गोंगाट बरोबर नेऊ नये. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेपासून भरणारी यात्रा जनावरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. ती पाहुण्यांसाठी मांडलेली नाही, म्हणूनच पाहण्यासारखी आहे.

मुक्काम : ऐषआराम म्हणजे वातानुकूलित खोली असे समीकरण येथे बदलायला हवे. कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली स्वच्छ पडवी, चुलीवरची नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, जूनमध्ये शेवळाची आणि पुढे करटोलीची भाजी, आणि एका वेळी दोन-तीनच कुटुंबे ही मुंबईत कितीही पैसे मोजून न मिळणारी चैन आहे. तिचा दर रिसॉर्टइतका असायला हरकत नाही, कमी करून घेऊ नये. महाराष्ट्राच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली शेतकऱ्यांना केंद्राची नोंदणी करता येते. नोंदणी आहे का ते विचारावे. वाटाड्या पाड्यातलाच घ्यावा, मजुरी आधी ठरवून त्याच्या हातात द्यावी. कातकरी मुलांचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत, चॉकलेटे वाटू नयेत. एक रात्र धावपळीत काढण्यापेक्षा दोन-तीन रात्री राहिल्यास गावाच्या हाती अधिक पडते. आसनगाव, आटगाव, खर्डी आणि कसारा ही स्थानके मध्य रेल्वेच्या लोकलवर आहेत. मुरबाडला कल्याणहून एसटी जाते.

जंगलानंतर समुद्र हवा असल्यास शेजारच्या पालघर जिल्ह्यात डहाणू-बोर्डीचा किनारा आहे. केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आहे. जखमी सागरी कासवांवर उपचार करणारे केंद्रही डहाणूत आहे. वाळूवर गाडी उतरवू नये, आणि किनाऱ्यावर कासव अडकलेले दिसल्यास त्याला पाण्यात ढकलू नये, वनखात्याला कळवावे.