कल्हईचा हात

माझ्या आजीच्या पितळी पातेल्याच्या काठाखाली तिचं नाव आणि १९३८ हे साल कोरलेलं आहे. लग्नात आलेलं भांडं. आजीनंतर ते आईकडे गेलं, आईनंतर माझ्याकडे आलं, आणि आजही मी त्यात आमटी करते. लोक म्हणतात, जुनं पितळ, टिकणारच. पण चिंचेची आमटी नुसत्या पितळेत ठेवून बघा. हे पातेलं तीन पिढ्यांना पुरलं, कारण वर्षातून दोनदा कोणीतरी येऊन त्याच्या आत कथिलाचा हात फिरवून जायचं.

माझं लहानपण पुण्यात कसबा पेठेत गेलं. तांबट आळी हाकेच्या अंतरावर होती. पेशव्यांच्या काळापासून तिथं त्वष्टा कासारांची घरं. पत्रा ठोकून हंडे, घंगाळी, बंब घडवायचे आणि शेवटी त्यावर मठारकाम करायचं, म्हणजे हातोडीचे सारखे ठोके देत जायचं. त्या ठोक्यांनी भांड्याला चकाकी येतेच, शिवाय पत्रा ठोकून घट्टही होतो. दुपारी पेठेत तोच आवाज भरून राहिलेला असायचा.

कल्हईवाला मात्र फिरता. वाड्याच्या चौकात तो हातभर खड्डा खणायचा, त्यात कोळसे पेटवायचा, चामड्याचा भाता लावायचा. भाता हलवायला आम्हा पोरांमध्ये भांडणं. वाळूने नि चिंचेने लख्ख घासलेलं पातेलं तो सांडशीत धरून तापवायचा. मग चिमूटभर नवसागर टाकला की पांढरा, नाकात झोंबणारा धूर उठायचा. नवसागर धातूवरचा गंज खाऊन टाकतो, म्हणून कथिल धरतं. लगेच कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते चपळाईने सगळीकडे पसरवायचं. काळपट पिवळ्या पातेल्यात डोळ्यांदेखत चांदी उतरायची. शेवटी पाण्यात बुडवताना होणाऱ्या ‘चर्र’ आवाजासाठी आम्ही तासभर बसून राहायचो.

कथिल २३२ अंशांना वितळतं. ‘रिकामं भांडं जाळावर ठेवू नकोस, कल्हई जाईल’ असं आजी ओरडायची. तिला अंश माहीत नव्हते, पण अनुभव पक्का होता. ताक, कढी, आमटी यांतलं आंबट तांब्या-पितळेला लागलं की धातू अन्नात उतरतो. त्याला हिरवट कळा येते, चव बिघडते, पोटात गेलं तर मळमळून उलट्या होतात. याला मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे : कळकणे. ‘ताक कळकलं’ म्हणजे कल्हईवाल्याला बोलवायची वेळ झाली. भांड्याच्या दुरुस्तीची मुदत भाषेनेच सांभाळून ठेवली होती.

कल्हई हा शब्द अरबीतून आलेला. त्याचं मूळ अनेक अभ्यासक मलायाच्या किनाऱ्यावरच्या कलाह नावाच्या जुन्या बंदराशी जोडतात. ते पटण्यासारखं आहे, कारण जगाचं बरंचसं कथिल तिकडच्याच खाणींतून यायचं. १९४२ मध्ये जपानने मलाया आणि सिंगापूर घेतलं, तेव्हा ती वाट तुटली. आजी सांगायची की, त्या वर्षांत कल्हई इतकी महागली की तिने ताक-लोणच्यासाठी दगड्या आणि चिनी मातीच्या बरण्याच वापरल्या. पितळी पातेलं फक्त पाणी तापवायला राहिलं. कथिल पुन्हा मिळू लागलं तसं ते चुलीवर परत आलं. त्याला मोडीत काढावं, असं मधल्या काळात कोणाच्या मनात आलं नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासल्याची धरणं फुटली, तेव्हा मी सहा वर्षांची होते. पाणी ओसरल्यावर आमच्या स्वयंपाकघरात गुडघाभर गाळ होता. बंब चेपलेल्या अवस्थेत सापडला, पातेलं सापडलंच नाही. चार दिवसांनी दोन गल्ल्या पलीकडच्या बाई ते घेऊन आल्या. काठाखालचं नाव वाचून त्यांनी घर शोधलं होतं. बंब तांबट आळीत गेला. तिथं तो आतून ठोकून सरळ केला, फुटलेली कड झाळून दिली. पुढे पंधरा वर्षं आम्ही त्याच बंबात करवंट्या, लाकडाच्या ढलप्या आणि काडीकचरा घालून पाणी तापवलं. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, त्यामुळे थोडक्या जळणात अंघोळी व्हायच्या. खाली उरलेल्या राखेने भांडी घासायची.

मग कल्हई, डागडुजी, राख यांची ही साखळी कडी-कडीने सुटत गेली. ॲल्युमिनियमची, म्हणजे ‘जर्मनची’ भांडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून देशात होऊ लागली होती. ती हलकी आणि स्वस्त म्हणून घरोघरी गेली. त्यानंतर स्टील आलं, त्याला कल्हई लागत नाही. गॅस आला आणि राख संपली, राखेच्या जागी प्लास्टिकच्या पुडीतली पावडर आली. यातलं बरंच चांगलं झालं. चुलीच्या धुराने आजीचे डोळे कायम चुरचुरायचे. पितळ घासून आईच्या बोटांना चिरा पडायच्या. नवसागराचा धूर कल्हईवाल्याच्या छातीत किती गेला असेल, याचा आम्ही कधी विचारच केला नाही. तो काळ जसाच्या तसा परत यावा, असं मला मुळीच वाटत नाही.

पण त्या काळाबरोबर एक सवय गेली, ती मला परत हवी आहे. नॉनस्टिक तव्याचा थर उडाला की तो फेकायचा, हे मी सहज शिकले. असे तीन तवे मी स्वतः टाकले. एकदा पुन्हा थर देणारं कोणी आहे का, असं दुकानात विचारलं, तर मालक माझ्याकडे बघतच राहिला. पितळी पातेल्यावरचा थरही उडायचाच, दर सहा महिन्यांनी. फरक एवढाच की, तो उडणार हे गृहीत धरून त्याच्यासाठी एक माणूस, एक धंदा आणि एक क्रियापद तयार होतं. आणि अगदी फुटलंच भांडं, तर कासाराकडे वजनावर मोड घालून नवं आणायचं. जुनं पितळ वितळून पुन्हा पितळच व्हायचं, कचऱ्यात काही जायचं नाही.

आता मी कोथरूडला राहते. एका पातेल्यासाठी कल्हईवाला इतक्या लांब येत नाही, त्याला ते परवडतही नाही. म्हणून मी सोसायटीत घरोघरी विचारत फिरले. माळ्यावरून, पलंगाखालून लंगड्या, सतेली, परातीही निघाल्या. पहिल्या वर्षी नऊ भांडी जमली, गेल्या दिवाळीआधी एकतीस. कल्हईवाला आता गॅसची शेगडी आणतो, भाता लागत नाही. आम्ही त्याला पार्किंगची मोकळी, वाऱ्याची बाजू देतो आणि तोंडाला फडकं बांधल्याशिवाय नवसागर टाकू देत नाही.

दोन घरांनी या वर्षी नॉनस्टिक घेतलं नाही, माळ्यावरच्या पितळी कढया खाली काढल्या. तिसऱ्या मजल्यावरची नवी सून परवा आली होती. ती म्हणाली, “काकू, कढीला हिरवट कळा आलीय, काय करू?” मी म्हटलं, “कळकलीय ती. ओतून दे आणि पातेलं माझ्याकडे आणून ठेव. रविवारी तो येणारच आहे.”