हा नंबर आला कुठून?

माझ्या पीएचडीचा विषय फसवणुकीचा इतिहास. ऐकणारे विचारतात, "काऊन बाप्पा, ठगायचा कुठं इतिहास असते का?" असतो. आणि तो माहीत असला, तर अमरावती-अकोल्यात वाजणारा पुढचा फोन ओळखता येतो.

ही चाल आधी आपल्या देशातून बाहेर गेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा सहा टोळ्यांवर कारवाई केली. बहुतेकींचा कारभार भारतातून चाले. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे," असं सांगून ते विंडोजमधला 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायला लावत. त्यात चुका आणि इशाऱ्यांची लांब यादी दिसते. धडधाकट कॉम्प्युटरमध्येही ती असतेच. पण घाबरलेला माणूस कॉम्प्युटरचा ताबा देई, वर दुरुस्तीचे पैसेही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, सुमारे ७० जणांना अटक झाली. तिथून अमेरिकेचे करअधिकारी बनून धमकावलं जाई. सोंग निराळं, पण कृती तीच: मोठ्या संस्थेचं नाव, भीती आणि घाई.

मग आपल्याही मोबाईलमध्ये बँक आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'एनीडेस्क'च्या गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं. हे ॲप मुळात दुरून दुरुस्ती करण्यासाठीच आहे. पण त्यातला कोड सांगून परवानगी दिली, की आपला स्क्रीन समोरच्याला दिसतो, आलेला ओटीपीसुद्धा.

कापूस बाजारात अडत्या फिरला, तर त्याचं दुकान तरी सापडतं. फोनवरच्या आवाजाला दुकान नसतं. म्हणून आधी विचारा, हा नंबर आला कुठून? त्यानेच फोन केला, किंवा इंटरनेटवर शोधून मिळाला, तर ठेवून द्या. एटीएम कार्डामागचा नंबर स्वतः लावा.

आणि ताबा देऊन बसला असाल तर? लगेच इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेलेले पैसे बँकेला कळवेपर्यंत त्याच्या माथी; कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. पोरं रागावतील म्हणून घरात गप्प बसू नका. आधी फोन लावा, बोलणी मागून खाता येतात.